रोजगार हमी म्हणजे बसून पगार? नाही.

शहरातली नोकरी गेलेली पोरं गावी परतली की पारावर हमखास ऐकू येतं: ‘रोहयोवर, म्हणजे रोजगार हमी योजनेच्या कामावर जा, बसून पैसे मिळतात.’ हे साफ खोटं आहे.

१९७२ च्या दुष्काळात माझी आजी खडी फोडायला जायची. बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या, शेजारी झोळीत पोर. संध्याकाळी ढीग मोजला जाई आणि जेवढी खडी, तेवढीच मजुरी. हमीच्या कामावरही तेच. मातीकामाचा खड्डा टेपने मोजतात आणि त्यावर दाम ठरतो. जेवढं माप भरेल, तेवढाच दाम. यात बसायचं कुठे?

हमी आहे ती कामाची. विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांनी मांडलेल्या या योजनेचा कायदा महाराष्ट्राने १९७७ मध्ये केला. मागणीनंतर १५ दिवसांत काम द्यायचं आणि ते देता आलं नाही तरच बेकारी भत्ता. म्हणजे भत्ता हा सरकारच्या चुकीचा दंड आहे, मजुराच्या आळसाचं बक्षीस नव्हे.

पगारातून कापला जाणारा व्यवसाय कर १९७५ मध्ये याच योजनेसाठी लावला गेला. तो भरणाऱ्यांनी तरी आजीसारख्यांना फुकटे म्हणू नये.