टाका मजबूत आहे की नुसता देखणा?

गेल्या कापसाच्या हंगामात अमळनेर रस्त्यावर आमच्या ट्रॉलीचा दांडा तुटला. सहा महिन्यांपूर्वीच वेल्डिंग करून घेतलं होतं. टाका असा, की माशाचे खवले एकावर एक बसावेत. "पक्कं काम शे, भाऊ," कारागीर म्हणाला होता. तुटलेलं तोंड उन्हात धरलं. वरचा जेमतेम तीन मिलिमीटरचा थर करडा, खडबडीत. त्याखाली गुळगुळीत लोखंड आणि त्यावर ग्राइंडरच्या रेघा जशाच्या तशा. धातू वितळला असता तर रेघा उरल्या असत्या का?

सफाईदार टाका म्हणजे मजबूत टाका, हा आपला गोड गैरसमज. आतलं दिसत नाही. एक्स-रे काढला तर पोकळी दिसते, पण जोड ठिसूळ आहे का ते नाही कळत. त्यासाठी तोडावंच लागतं. पण बॉयलरचा किंवा दीपनगरच्या वीज केंद्रातल्या वाफेच्या पाइपचा जोड तोडून कसा पाहणार? म्हणून शितावरून भाताची परीक्षा. फक्त इथे शीत वेगळं शिजवायचं, त्याच कृतीने. पत्र्याची जाडी, रॉड, करंट, आधी किती तापवायचं, हे सगळं कागदावर उतरवायचं, त्याबरहुकूम नमुना जोडायचा आणि त्याच्या पट्ट्या कापून मोडायच्या. बॉयलरवाल्यांच्या 'एएसएमई सेक्शन नाइन' या अमेरिकी संहितेत 10 मिलिमीटर पत्र्यासाठी दोन पट्ट्या ओढून तोडतात आणि चार वाकवतात. पास होते ती कृती. वेल्डरच्या हाताची परीक्षा वेगळी.

माझा जीव वाकवण्यावर. 10 मिलिमीटरची पट्टी 40 मिलिमीटर व्यासाच्या गोल दांड्याभोवती यू आकारात वळवा. आतल्या बाजूची त्रिज्या 20, बाहेरची 30, मधल्या रेषेची 25. मधली रेषा ना ताणली जाते, ना दबते, असं धरा. मग बाहेरची कड 25 ऐवजी 30 च्या मापाने पसरली, म्हणजे 20 टक्के लांबली! ना मोठी लॅब, ना इलेक्ट्रॉनिक्स, निव्वळ भूमिती. मूळ पोलाद, टाका आणि दोघांमधला भाजलेला पट्टा, तिघांनाही एकत्र ताणावं लागतं. हा पट्टा झटकन थंड झाला की पोलाद कडक होतं, आणि कडक पोलाद ताणायला सांगितलं की फाटतं. टाका पत्र्याला धरलाच नसेल तर तिथे तोंड उघडतं. बाहेरच्या बाजूला 3 मिलिमीटरहून मोठी चीर दिसली, की नापास.

त्या कारागिराच्या दुकानात वेल्डिंग मशीनला दर शनिवारी नवं लिंबू-मिरची लागतं. लागू दे, करंट त्याने वाढत नाही.

दांडा घेऊन मी परत गेलो. आधी तशाच दोन पट्ट्या जोडून दे, मोडून बघू, म्हटलं. "चांगलं काम कोन तोडस, भाऊ?" तो हसला. पहिली पट्टी कडांना उतार न देता, नेहमीसारखी. वाइसमध्ये (लोखंडी शिकंज्यात) धरली, वरच्या बाजूने घण घातला. तिसऱ्या घावाला दोन तुकडे, आणि आत त्याच रेघा. दुसरीला त्याने न सांगता कडांना उतार देऊन व्ही काढला, करंट वाढवला, पहिला थर ठोकून स्लॅग, म्हणजे टाक्यावर जमणारी कडक खपली, झाडला, मग पुढचा भरला. ती वाकत वाकत वाइसलाच टेकली. दांडा मग त्याच रीतीने जोडला.