बोटीवर राहणारी मुलं कायम भर समुद्रात नसतात

शिडाच्या बोटीवर संसार थाटलेल्या कुटुंबांबद्दल एक समज घट्ट बसला आहे: मुलं महिनोन्‌महिने लाटांवर, शाळा नाही, सवंगडी नाहीत. लॉरा डेकरचं नाव हमखास पुढे येतं. बालपणीची पहिली वर्षं बोटीवर काढलेल्या या मुलीनं 2012 मध्ये, सोळाव्या वर्षी एकटीनं पृथ्वीप्रदक्षिणा पुरी केली. पण ती अपवाद आहे.

आफ्रिकेजवळच्या कॅनरी बेटांवरून अटलांटिक महासागर ओलांडून कॅरिबियन बेटं गाठायलाही साधारण तीन आठवडेच लागतात. वर्षातला बराच काळ बोट एखाद्या खाडीत नांगरलेलीच असते.

तिथला दिवस घरकामातच जातो. सकाळी जेवणाच्या टेबलावर वह्या-पुस्तकं, दुपारी छोट्या होडीतून किनाऱ्यावर बाजारहाट, पिण्याच्या पाण्याचे कॅन भरणं, मग शेजारच्या बोटीवरच्या मुलांशी खेळ. गोडं पाणी मोजकं. स्वच्छ समुद्रात भांडी खाऱ्या पाण्यानं घासून शेवटी गोड्या पाण्यानं विसळतात. धोका आहेच, म्हणून कठड्याला जाळी, लहानग्यांना लाइफ जॅकेट, प्रवासात डेकवर आल्यावर अंगातला पट्टा दोरीनं बोटीला अडकवलेला.

माझ्या मते वादळापेक्षा अवघड असतात पावसाचे दिवस: झडपा बंद, कपडे ओले आणि सगळं घर एका केबिनमध्ये.