अ‍ॅमेझॉन बायकांना नावं कुणी ठेवली?

अमेरिकन कॉमिक्समधल्या वंडर वुमन या नायिकेचं खरं नाव डायना, आणि गंमत अशी की हे नाव तिच्या घराण्यात बसतच नाही. डायना ही रोमन लोकांची शिकारीची देवी. आणि आपली ही राजकन्या तर ग्रीक पुराणातल्या लढवय्या अ‍ॅमेझॉन बायकांची लेक, आई राणी हिप्पोलिटा, बेटावर पूजा अफ्रोडायटीची आणि अथीनाची, म्हणजे नीट बघायला गेलं तर पोरीचं नाव आर्टेमिस हवं होतं, कारण रोमन लोकांनी जिला डायना मानलं ती ग्रीकांची आर्टेमिसच.

पण तिला घडवणाऱ्या विल्यम मोल्टन मार्स्टनला या सोवळ्या-ओवळ्याचं काही पडलेलं नव्हतं. हा माणूस पेशाने मानसशास्त्रज्ञ, खोटं बोलताना ब्लड प्रेशर कसं वाढतं यावर त्याने काम केलं होतं, लाय डिटेक्टरच्या इतिहासात त्याचं नाव येतं. १९४१ मध्ये एच. जी. पीटर या चित्रकाराबरोबर त्याने वंडर वुमन आणली तेव्हा अथीना ग्रीक, अफ्रोडायटी ग्रीक, पण युद्धाचा देव मात्र मार्स म्हणजे रोमन, हर्क्युलीसही रोमन वळणाचा, आणि डायनाची मैत्रीण माला, जी या दोन्हीकडची वाटत नाही. आता हे अज्ञान म्हणावं तर त्याची बायको एलिझाबेथ ग्रीक शिकलेली, कवयित्री सॅफोची मोठी भक्त, आणि वंडर वुमन चकित झाली की 'सफरिंग सॅफो!' म्हणते ते उगाच नाही. मला वाटतं त्याला वाचकाच्या तोंडात बसतील अशीच नावं हवी होती, बाकी कोण विचारतंय.

विचारणारा आला १९८७ मध्ये. जॉर्ज पेरेझ या कॉमिक्सच्या लेखक-चित्रकाराने सगळी मालिका पहिल्यापासून सुरू केली आणि नावांची साफसफाई काढली. मार्सचा एरीस झाला. पॅराडाइज आयलंड हे एखाद्या रिसॉर्टला शोभेल असं नाव जाऊन थेमिस्किरा आलं, आणि हे गाव ग्रीक लेखकांच्या नकाशावर खरंच आहे, काळ्या समुद्राच्या दक्षिण किनाऱ्यावर थर्मोडॉन नदीच्या मुखाशी, म्हणजे आजच्या तुर्कस्तानात सामसुन प्रांतात टर्मे नावाचं गाव आहे त्या भागात. फक्त कॉमिक्सच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये आय आणि वायची अदलाबदल झालीय आणि ती तशीच राहिलीय. मेलानिप्पे ही जुन्या कथांमधली अ‍ॅमेझॉन पण कॉमिक्समध्ये मेनालिप्पे झाली, तिथे ल आणि नने जागा बदलल्या.

डायना या नावाचं मात्र काय करायचं? ते बदललं तर फॅन लोक घरी येऊन मारतील. पेरेझने मस्त तोडगा काढला: डायनाचा जोडीदार स्टीव्ह ट्रेव्हर, त्याची आई, डायना ट्रेव्हर, वैमानिक, तिचं विमान या बेटावर कोसळतं, ती अ‍ॅमेझॉन बायकांच्या बाजूने लढता लढता मरते आणि तिच्या आठवणीत राजकन्येचं नाव ठेवतात. म्हणजे रोमन नाव अमेरिकेमार्गे ग्रीक बेटावर पोचलं! पुढे १९९४ मध्ये आर्टेमिस नावाची अ‍ॅमेझॉनही आली, लाल केसांची, भांडकुदळ, आणि काही काळ डायनाला बाजूला सारून वंडर वुमनही झाली. एकाच देवीची दोन नावं एकाच पदासाठी भांडतायत, हे ज्याला कळलं त्याला डबल मजा.

पेरेझची बाकीची नावं बघितली तर तोही काही फार कर्मठ नव्हता. एपिओने ही वैद्य, तर ग्रीक कथेत एपिओने ही वैद्यकाच्या देवाची, अस्क्लेपियसची बायको. इतिहास सांभाळणारी नेमोसिनी, तर मूळ नेमोसिनी ही स्मृतीची देवता. म्हणजे काम बघून नाव. युबिया हे तर एका ग्रीक बेटाचं नाव. आणि सेनापती फिलिपस, हे चक्क पुरुषाचं नाव आहे, अलेक्झांडरच्या बापाचं, अर्थ 'घोडे आवडणारा'.

पण या घोड्यापाशी जरा थांबायला पाहिजे. हिप्पोलिटा, मेलानिप्पे, अल्किप्पे, फिलिप्पिस, जुन्या ग्रीक याद्यांमध्ये अ‍ॅमेझॉनची अशी नावं भरपूर आहेत आणि सगळ्यांच्या पोटात 'हिप्पोस' म्हणजे घोडा आहे, जो आपल्या 'अश्व'चाच लांबचा भाऊ, दोन्ही एकाच जुन्या इंडो-युरोपीय शब्दातून आलेत. डायोडोरस हा इतिहासकार हेराक्लीसशी (म्हणजे ग्रीकांच्या हर्क्युलीसशी) लढलेल्या अ‍ॅमेझॉनची एकेक करून नावं देतो, पहिली एला म्हणजे वावटळ, मग फिलिप्पिस वगैरे. सगळं ग्रीक. आता मुळात ग्रीकच सांगतात की या बायका दूर काळ्या समुद्रापलीकडच्या, परक्या, घोड्यावर जगणाऱ्या, मग त्यांची नावं शुद्ध ग्रीक कशी? ठेवली ग्रीकांनी, अजून काय. 'अ‍ॅमेझॉन' म्हणजे 'स्तन नसलेली' हीसुद्धा तशीच जोडलेली व्युत्पत्ती, ग्रीक चित्रकारांनी मात्र त्यांना दोन्ही स्तनांसकट रंगवलंय.

आणि या बायका अगदीच हवेतल्या नव्हत्या. रशिया-युक्रेनच्या गवताळ मैदानात सिथियन या घोडेस्वार भटक्या लोकांच्या कबरी खणल्या तेव्हा बाण, भाले, घोड्याचं सामान यांच्यासोबत पुरलेले सांगाडे आधी सरसकट पुरुषांचे धरले जायचे, मग हाडं आणि डीएनए नीट तपासल्यावर कळलं की त्यातले बरेच बायकांचे आहेत. २०१९ मध्ये रशियात व्होरोनेझ भागात देवित्सा इथे एकाच कबरीत चार जणी सापडल्या, सगळ्यात लहान १२-१३ वर्षांची, सगळ्यात मोठी ४५-५० वर्षांची, जिच्या डोक्यावर सोन्याच्या पत्र्यांनी मढवलेला मुकुट होता.

मग यांना घरी काय हाक मारत असतील? याचा माग २०१४ च्या एका शोधनिबंधात लागतो. अथेन्सच्या मातीच्या भांड्यांवर चित्रांशेजारी पुष्कळदा अक्षरं लिहिलेली असतात, ग्रीक लिपीतली, पण वाचून ग्रीकमध्ये काहीच अर्थ लागत नाही, त्यामुळे तज्ज्ञ त्यांना 'निरर्थक' म्हणून सोडून देत. एड्रिएन मेयर आणि डेव्हिड सॉन्डर्स यांनी इ.स.पू. ५५० ते ४५० या काळातल्या १२ भांड्यांवरची अशी अक्षरं जॉन कोलारुसो या भाषातज्ज्ञासोबत तपासली. त्याचा अभ्यास काळ्या समुद्राच्या पूर्वेकडच्या कॉकेशसच्या भाषांचा, म्हणजे सर्केशियन, अबखाझ, उबिख वगैरे. यातल्या उबिखमध्ये ८० च्या वर व्यंजनं, स्वर जेमतेम दोन-तीन, आणि ती अस्खलित बोलणारा शेवटचा माणूस १९९२ मध्ये तुर्कस्तानात वारला. तर या भाषांच्या कानाने ऐकल्यावर अक्षरं बोलायला लागली: एका अ‍ॅमेझॉनशेजारचं 'प्कपुपेस' म्हणजे 'चिलखताला लायक', दुसरी 'राजकन्या', एक तर थेट 'गरम कुशींची'. अथेन्समध्ये कामाला असलेल्या परक्या लोकांकडून कुंभारांनी ही नावं ऐकली असणार आणि जमेल तशी ग्रीक अक्षरांत उतरवली असणार, असा त्यांचा अंदाज.

शंका घ्यायला जागा आहे. अक्षरं मोजकी, भाषा व्यंजनांनी ठासून भरलेल्या, आणि तुलना अडीच हजार वर्षांनंतरच्या शब्दांशी, त्यामुळे शोधलं की काहीतरी जुळणारच असं कुणी म्हटलं तर चूक नाही. पण मला हे पटतं, कारण बाहेरच्या माणसाने ऐकीव नाव आपल्या लिपीत कोंबणं ही जगभर रोज घडणारी गोष्ट आहे.

कॉमिक्समध्ये १९७३ साली नूबिया आली, काळ्या मातीतून घडवलेली डायनाची जुळी बहीण, नाइल नदीकाठच्या प्रदेशाचं नाव लावून, आणि तिच्याबद्दलची 'हे ग्रीक नाही' ही तक्रार म्हणूनच मला तरी फुसकी वाटते. अ‍ॅमेझॉनचं नाव ग्रीक असणं हाच मुळात उपरेपणा. २०२१ ची यारा फ्लोर तर आणखी पुढची. ती ब्राझीलच्या अ‍ॅमेझॉन टोळीतली, यारा हे तिथल्या लोककथेतल्या जलदेवतेचं नाव. आणि ती नदी अ‍ॅमेझॉन का, तर १५४२ मध्ये ओरेयानाच्या स्पॅनिश तुकडीला काठावर बायका लढताना दिसल्या असं सोबतच्या पाद्रीने लिहून ठेवलं आणि त्यांना ग्रीक गोष्टींतलंच नाव दिलं. त्या बायका स्वतःला काय म्हणत होत्या हे पाद्रीबुवांनी विचारलं नाही, बाण चालू होते.