मोव्हरला धाप का लागते?

२०२५ मध्ये आपल्याकडच्या पेट्रोलमधलं इथेनॉल २० टक्क्यांवर पोहोचलं आणि मायलेजवरून समाजमाध्यमांवर रणकंदन माजलं. भांडण सगळं गाड्यांचं. सोसायटीच्या जिन्याखाली धूळ खात पडलेल्या गवत कापायच्या यंत्राबद्दल, म्हणजे मोव्हरबद्दल, कोणी चकार शब्द काढला नाही. खरं तर जास्त त्रास त्यालाच. गाडीतलं पेट्रोल आठवड्या-दोन आठवड्यांत संपतं, शिवाय नव्या गाडीत इंधन किती सोडायचं ते संगणक ठरवतो. मोव्हरमध्ये तेच पेट्रोल दिवाळीपासून जूनपर्यंत मुक्काम ठोकतं, आणि तिथे असतो हवेत पेट्रोल मिसळणारा साधा कार्ब्युरेटर. अमेरिकेत तर १५ टक्के इथेनॉलचं पेट्रोलसुद्धा अशा छोट्या इंजिनांत भरायला मनाई आहे.

पहिल्या पावसानंतर दोरी ओढली की माळीदादा म्हणतात, "साहेब, इंजिन हंटिंग करतंय." आवाज चढतो, उतरतो, पुन्हा चढतो, अगदी तालात. या आवाजात उत्तम विज्ञान दडलंय.

कार्ब्युरेटरच्या वाटीच्या तळाशी पितळेचा जेट, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारी बारीक भोकाची तोटी, असतो. त्याचं भोक साधारण ०.६ मिलिमीटर धरू. पडून राहिलेल्या पेट्रोलमधले हलके घटक आधी उडून जातात. उरलेल्यांपैकी काहींचा ऑक्सिजनशी संयोग होऊन चिकट डिंक बनतो. भोकाच्या आतून ०.०३ मिलिमीटरचा, म्हणजे केसाच्या निम्म्या जाडीचा थर बसला तरी व्यास ०.५४ होतो आणि क्षेत्रफळ १९ टक्क्यांनी घटतं. त्यात इथेनॉलची भर. एक ग्रॅम शुद्ध पेट्रोल जळायला १४.७ ग्रॅम हवा लागते. २० टक्के इथेनॉलवाल्याला सुमारे १३.५ पुरते. म्हणजे तेवढ्याच हवेला इंधन जास्त हवं, आणि भोक तर कमी सोडतंय!

आता गव्हर्नरची एन्ट्री. इंजिनाचा वेग कायम ठेवणं हे त्याचं काम. इंधन अपुरं पडून वेग घसरला की तो थ्रॉटल, म्हणजे इंजिनात जाणारं हवा-पेट्रोलचं मिश्रण कमी-जास्त करणारी झडप, उघडतो. वेग वाढतो, पण ही बातमी गव्हर्नरला जरा उशिरा कळते, तोवर वेग ठरल्यापेक्षा पुढे गेलेला असतो. मग तो थ्रॉटल आवळतो, आणि इंजिन पुन्हा गुदमरतं. १८६८ मध्ये जेम्स क्लार्क मॅक्सवेलनं, होय, विद्युतचुंबकत्वाच्या समीकरणांवाल्यानंच, गव्हर्नरचं गणित मांडलं. वेगातला बिघाड चारपैकी एका तऱ्हेनं वागतो: सरळ वाढतो, सरळ विरतो, हेलकावत वाढतो किंवा हेलकावत विरतो. तो विरायचा असेल तर या गणितातल्या समीकरणाच्या प्रत्येक मुळाचा, म्हणजे उत्तराचा, वास्तव भाग (काल्पनिक संख्या वगळून उरणारा) ऋण हवा. आजच्या नियंत्रण सिद्धांताचा पाया तिथला. निरोगी मोव्हरमध्ये हेलकावा विरतो. उपाशी मोव्हरमध्ये चालूच राहतो.

पारख सोपी आहे. चोक (हवा अडवणारी झडप) अर्धा लावल्यावर आवाज स्थिरावला, तर इंधन कमी पडतंय किंवा गॅस्केटमधून, म्हणजे सांध्यातल्या चकतीतून, जादा हवा शिरतेय. जेट काढून कार्ब्युरेटर क्लीनर आणि हवेच्या झोतानं साफ करावा. त्यात पोलादी तार खुपसू नये, भोक मोठं होतं. फिल्टर दर हंगामाला बदलावा. आणि पावसाळा सरला की पेट्रोलचा कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवावं. खंडेनवमीला यंत्राला हळदकुंकू वाहतोच, त्याच दिवशी टाकीही रिकामी करावी. पेट्रोलच्या नळीवर लोहचुंबक बसवून मायलेज वाढवणारे विक्रेते मात्र दारातूनच परत पाठवावेत. पेट्रोलवर चुंबकाचा परिणाम इतका नगण्य असतो की ज्वलनात काही फरक पडत नाही.

राहिला इंजिनाची ताकद पुढे पोहोचवणारा पट्टा. तो सगळ्या मोव्हरना नसतो. स्वतः चालणाऱ्या आणि बसून चालवायच्या यंत्रांना असतो. व्ही-पट्टा पुलीच्या खाचेत पाचरीसारखा बसतो. खाचेचा कोन ४० अंशांच्या आसपास असल्यानं सपाट पट्ट्याच्या तुलनेत पकड जवळजवळ तिप्पट मिळते, पण ती सगळी दोन्ही बाजूंच्या भिंतींवर. पट्टा झिजून खाचेच्या तळाला टेकला की पाचर संपली, मग कितीही ताणा, तो घसरणारच. इंजिन चुकून सुरू होऊ नये म्हणून स्पार्क प्लगची टोपी काढून ठेवा आणि पुलीत डोकावून बघा. खाचेचा तळ चकाकत असेल तर पकड वाढवायचा स्प्रे मारत बसू नका, पट्टा बदला.