रिमोटच्या कसरती विमानाला प्रोपेलर कोणता? घेण्याआधी एवढं वाचा

"मोठा पंखा द्या, ताकद वाढली पाहिजे." काउंटरवर हे वाक्य नेहमी ऐकू येतं. त्यावर आमचाही प्रश्न ठरलेला असतो: उडवायचं काय आहे? विमान नाक वर करून जागच्या जागी लटकवायचं, की मोठे गोल लूप आणि सरळ रेषेतले रोल मारायचे? मोटर तीच, बॅटरी तीच, तरी या दोन कामांचे प्रोपेलर वेगळे निघतात.

प्रोपेलरवर १०×४.७ असं काहीतरी छापलेलं असतं. पहिला आकडा व्यास, दुसरा पिच, दोन्ही इंचांत. एका फेऱ्यात प्रोपेलर हिशेबाने किती पुढे जायला हवा, ते पिच सांगतो. मिनिटाला ८,००० फेरे आणि ४ इंच पिच धरला तर ताशी साधारण ४९ किलोमीटर येतात. पिच ६ इंच केला तर ७३. प्रत्यक्षात विमान एवढं पळत नाही, पण तुलनेला हा हिशेब पुरतो.

लटकवायचं असेल तर

थ्री-डी, म्हणजे विमान लटकवण्यासारख्या कसरती, उडवणाऱ्यांनी आधी व्यास बघावा, पिच नंतर. पिच व्यासाच्या ५० टक्क्यांच्या आत ठेवा. मोटरसायकल चढावर पहिल्या गिअरमध्ये ओढते, तसं कमी पिचचं काम असतं: वेग कमी, ओढ लगेच. शिवाय मोठ्या व्यासाचा झोत शेपटीच्या हलत्या फळ्यांवरून, म्हणजे एलेव्हेटर आणि रडरवरून, रुंद वाहतो. हॉवरमध्ये, म्हणजे लटकताना, विमान पुढे जातच नसतं, त्यामुळे शेपटीला हीच काय ती हवा मिळते. जास्त पिचचा प्रोपेलर जागेवर फिरताना पात्यांवरची हवा फाटते. आवाज भरपूर, ओढ कमी.

लूप, रोल, नाइफ एज (विमान कुशीवर आडवं उडवणं) अशी आखीव उड्डाणं करायची असतील तर पिच व्यासाच्या ५५ ते ६५ टक्क्यांपर्यंत न्यायला हरकत नाही. सरळ वर चढताना वेग टिकतो. मात्र फार वाढवला तर खाली येताना विमान सुसाट सुटतं. पिच थोडा कमी असेल तर थ्रॉटल कमी केल्यावर प्रोपेलरच ब्रेकचं काम करतो, ही सोय कमी लेखू नका.

एक इंच म्हणजे किती?

इथेच सगळ्यात जास्त मोटरी जळतात. प्रोपेलरला लागणारी ताकद व्यासाच्या साधारण चौथ्या घाताने वाढते. १०×४.७ काढून ११×४.७ लावला आणि फेरे तेवढेच राहिले असं धरलं, तर मागणी दीडपटीच्या जवळ जाते. प्रत्यक्षात फेरे थोडे उतरतात, पण अँपियर चढतातच. पिच एक इंचाने वाढवला तर इतकी मोठी उडी बसत नाही. त्यामुळे व्यास वाढवताना पिच अर्धा-एक इंच उतरवा आणि वॉटमीटर (मोटर किती अँपियर खेचते ते दाखवणारं यंत्र) लावल्याशिवाय उडवू नका. ३० अँपिअरच्या ईएससीवर (मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट) पूर्ण थ्रॉटलला २४-२५ च्या वर जाऊ नये, हा आमचा नियम आहे. रीडिंग चार-पाच सेकंदांत घ्या. विमान कुणीतरी मागून घट्ट धरलेलं हवं, आणि पात्यांच्या समोर किंवा रेषेत कुणीही उभं नको.

आपला उन्हाळा, आपला हिवाळा

संभाजीनगर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर आहे. त्यात मे महिन्यात दुपारी ४२ अंश असतील तर इथली हवा पुस्तकातल्या प्रमाण हवेपेक्षा १४-१५ टक्के विरळ होते. डिसेंबरात सकाळी आरामात लटकणारं विमान मे महिन्यात थ्रॉटल पूर्ण देऊनही खाली बसायला लागतं. मोटर बिघडलेली नसते, हवाच कमी पडते. आणि इथे एक फसवणूक आहे. विरळ हवेत अँपियर कमी दिसतात, म्हणून काही जण मे महिन्यात मोठा प्रोपेलर चढवतात. ईएससीला गार करायला हवा तेवढीच विरळ आणि वर तापलेली, त्यामुळे तो आधीच तापतो. थंडी आली की तोच प्रोपेलर जास्त अँपियर खेचतो. उन्हाळ्याचं रीडिंग हिवाळ्यासाठी धरू नका. आमचं मत विचाराल तर परभणी-नांदेडकडच्या उन्हात प्रोपेलर बदलण्यापेक्षा सकाळी आठच्या आत उडवून मोकळं व्हावं.

जात बघून घ्या

स्लो-फ्लाय प्रोपेलर हलका, पातळ, रुंद पात्यांचा असतो. एपीसी कंपनीने या जातीला फेऱ्यांची मर्यादा दिली आहे: ६५,००० भागिले व्यास. म्हणजे १० इंचीला ६,५०० फेरे. १००० केव्हीची मोटर (केव्ही म्हणजे भार नसताना एका व्होल्टला मिनिटाला किती फेरे) तीन सेलच्या बॅटरीवर ही मर्यादा सहज ओलांडते. मग पाती वाकतात, फडफडतात, कधी तुटून उडतात. त्याच कंपनीच्या थिन इलेक्ट्रिक जातीला १,५०,००० भागिले व्यास चालतात, म्हणजे १० इंचीला १५,०००. फोमच्या हलक्या विमानाला कमी केव्हीच्या मोटरवर स्लो-फ्लाय चांगला; बाकी सगळीकडे इलेक्ट्रिकच घ्या.

तीन पात्यांचा दिसायला छान. जमिनीपासून अंतर कमी पडत असेल तर घ्या, व्यास एक इंच कमी करून. एरवी दोन पातीच.

इंजिनवाल्यांसाठी थोडक्यात: ४६ च्या (०.४६ घन इंच) ग्लो, म्हणजे मिथेनॉलवरच्या, इंजिनला साध्या कसरतींसाठी ११×६, थ्री-डीला १२.२५×३.७५. ५० ते ५५ सीसी पेट्रोलला २२×८ किंवा २३×८ पासून सुरुवात करा. इलेक्ट्रिकचा प्रोपेलर इंजिनवर कधीही लावायचा नाही.

लावताना

छापलेले आकडे विमानाच्या पुढच्या बाजूला दिसले पाहिजेत. उलटा लावलेला प्रोपेलरही थोडी हवा फेकतो, म्हणून चूक लवकर कळत नाही. विमान उठत नाही आणि मोटर तापते. नवा प्रोपेलरही बॅलन्सरवर तपासा. जड पात्याची मागची बाजू बारीक पॉलिश पेपरने घासा किंवा हलक्या पात्याला सेलोटेप लावा. टोक कापू नका.

आपल्याकडे विमान उतरतं ते काळ्या रानातल्या ढेकळांत, नाहीतर कापूस वेचून झालेल्या पऱ्हाटीत. दर वेळी पात्याच्या मुळाशी नखाने चाचपून बघा. पांढरी रेघ किंवा चीर दिसली की प्रोपेलर कचऱ्यात. फेविक्विकने जोडलेला प्रोपेलर आम्ही बसवून देत नाही, कितीही आग्रह केलात तरी. मुरमाच्या धावपट्टीवर पुढच्या धारेला खाचा पडतात. त्या उथळ असतील तर घासून पुन्हा बॅलन्स करा. रेडिओ किंवा ईएससीचं सेटिंग करताना प्रोपेलर काढून ठेवा. चिकलठाणा, नांदेड, लातूर यांपैकी एखाद्या विमानतळाच्या जवळ राहत असाल तर सरकारच्या डिजिटल स्काय या हवाई हद्दीच्या नकाशावर आपली जागा कोणत्या रंगात येते ते आधी बघा.

दुकानात वॉटमीटरवर तपासणी मोफत आहे. शक्यतो दोन-तीन माप लावून बघू आणि जो बसेल तोच घ्या. येताना विमान, मोटरचा केव्ही आणि ईएससीचे अँपियर आणा. बॅटरी पूर्ण चार्ज करून आणा, म्हणजे तीन सेलला १२.६ व्होल्ट. अर्ध्या बॅटरीवर अँपियर कमी दिसतात आणि घरी जाऊन चार्ज केल्यावर ईएससी जळते.