पाणथळ वाढल्यावर पुराचं काय?

ओढ्याकाठी वसाहत बांधायची तर सखल जमिनीवर भराव घालावा लागतो. घरं उंचावर जातात आणि कोरडी राहतात, पण पुरात त्या जमिनीवर पसरणारं पाणी समोरच्या काठावर चढतं, नाहीतर वरच्या अंगाला तुंबतं. म्हणून आराखड्यातच भरपाई दाखवतात: इथे भराव, तर तिथे जमीन खोदून पाणथळ. कागदावर घनमीटरला घनमीटर जुळतो. प्रत्यक्ष ओढ्यात तो जुळेलच असं नाही.

आधी पूर केवढा धरायचा ते ठरवतात. ‘शंभर वर्षांचा पूर’ शंभर वर्षांतून एकदाच येतो असा समज सर्रास आढळतो. खरं तर कोणत्याही एका वर्षी तो येण्याची शक्यता 1 टक्का असते. 30 वर्षं त्याच घरात राहिलात, तर त्या काळात तो एकदा तरी येण्याची शक्यता सुमारे 26 टक्के होते. त्यात वसाहतीमुळे ओढ्यात येणारं पाणीही वाढतं. 1 हेक्टरवर पडलेला 50 मिलिमीटर पाऊस म्हणजे 500 घनमीटर पाणी. मोकळ्या मातीत त्यातलं बरंच मुरलं असतं. छपरावरून आणि डांबरावरून जवळजवळ सगळंच वाहून येतं, तेही लवकर.

मग ओढ्याचे आडवे छेद, जमिनीची उंचसखलता आणि पुलांची मापं संगणकात भरून पाणी कुठवर चढेल ते काढतात. अमेरिकी लष्कराच्या अभियंता विभागाचं ‘हेक-रास’ हे सॉफ्टवेअर यासाठी जगभर वापरलं जातं आणि ते फुकट मिळतं. त्यात मागितला जाणारा एक आकडा साधा दिसतो, पण सगळा खेळ त्यावर फिरतो: मॅनिंगचा खरबरीतपणा, म्हणजे पात्राचा तळ, काठ आणि झाडोरा वाहत्या पाण्याला किती अडवतात ते सांगणारा आकडा. गुळगुळीत काँक्रीटसाठी तो 0.013च्या आसपास असतो, स्वच्छ नैसर्गिक पात्रासाठी 0.03 आणि दाट झुडपांच्या काठासाठी 0.1 किंवा त्याहून अधिक. खोली आणि उतार तोच ठेवून हा आकडा दुप्पट केला, तर वेग निम्मा होतो. उलट, तेवढंच पाणी वाहून न्यायचं असेल, तर रुंद उथळ पात्रात खोली सुमारे दीडपट होते.

माझ्या मते पाणथळींच्या आराखड्यातली सर्वात मोठी फसगत इथेच असते. खोदकाम संपतं त्या दिवशी जमीन उघडी, गुळगुळीत असते आणि पुराची पातळी छान खाली दिसते. पण पाणथळ यशस्वी झाली, तर दहा वर्षांत तिथे पाणकणसाचं रान माजेल, झुडपं उभी राहतील आणि तोच पूर अधिक उंचीवरून जाईल. म्हणजे पूररेषा वाढलेल्या झाडोऱ्याचा आकडा घेऊनच आखायला हवी. लव्हाळ्यासारख्या लवचीक वनस्पती खोल पाण्यात आडव्या होतात आणि त्यांचा अडथळा घटतो. ताठ खोडाची झुडपं मात्र तशीच उभी राहून वाहत आलेला कचराही अडवतात.

साठवणुकीचंही तसंच. पाणथळ हा रिकामा हौद नव्हे. नेहमीच्या पातळीपर्यंत ती आधीच भरलेली असते. पुराला मिळते फक्त त्यावरची जागा. म्हणून ज्या उंचीवर भराव घातला, त्याच उंचीच्या पट्ट्यात खोदलेली जागाच भरपाईत मोजायची.

जास्त खोल खोदून मोजणी वाढवावी, तर पाणथळ मरते आणि उरतं ते तळं. मुळांच्या भागात वाढीच्या हंगामात पाणी टिकलं, तरच तिथली माती प्राणवायूविना राहते. अशा चिखलातले जिवाणू पाण्यातल्या नायट्रेटचं नायट्रोजन वायूत रूपांतर करून ते हवेत सोडतात. फॉस्फरसचं गणित वेगळं: तो गाळाला चिकटून बसतो आणि प्राणवायू संपला की त्यातला काही पुन्हा पाण्यात सुटू शकतो. त्यामुळे पाणी येण्याच्या तोंडाशी गाळ साचवणारा खड्डा हवा, आणि तो उपसायला यंत्र जाईल अशी वाट.

झाडोरा हवा आणि पूरही उंच जायला नको, हा पेच खुरप्याने सोडवू नये. दरवर्षी झुडपं छाटण्याची अट आराखड्यात असते, पण काही वर्षांतच ती कुणी पाळेनासं होतं. त्यापेक्षा पात्र सुरुवातीलाच रुंद ठेवावं, मुख्य प्रवाहाच्या वाटेत लव्हाळ्यासारखी लवचीक लागवड करावी आणि ताठ झुडपं कडेच्या संथ पाण्यात लावावीत. यात विकायच्या भूखंडांची एखादी रांग कमी होते, म्हणून हा निर्णय भूखंड आखण्याआधीच व्हावा लागतो.