पेंढारी आणि बंजारे: दोघेही फौजेमागून चालायचे, पण काम एकदम उलटं

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या कुठल्याही फौजेचं वर्णन वाचा, मराठ्यांची असो नाहीतर ईस्ट इंडिया कंपनीची, लढणाऱ्या शिपायांच्या मागे त्याहून मोठी गर्दी चाललेली दिसते, बैल, तट्टं, राहुट्या, वाणी, बायका-पोरं, सगळंच. आणि या गर्दीतले पेंढारी (लुटीवर जगणारे स्वार) आणि बंजारे (धान्य वाहणारे, आपल्याकडे लमाण म्हणतात ते) हमखास एकमेकांत मिसळले जातात. बंजाऱ्यांना सरसकट "लुटारू टोळ्या" म्हटलेलं मी बऱ्याचदा वाचलंय आणि दर वेळी वाईट वाटतं, कारण फौज कूच करायच्या आधी या दोघांपैकी कोणावर भिस्त ठेवायची यावर पुढची अख्खी मोहीम कशी चालणार ते ठरायचं.

गोंधळ का होतो ते मात्र समजतं. दोघांनाही पगार नाही, दोघांचे आपापले म्होरके, दोघांचा मुक्काम मुख्य छावणीपासून जरा वेगळा. त्यात कंपनीचा अधिकारी जॉन माल्कमने लिहून ठेवलंय की पेंढारी आपल्याच सरदाराच्या मुलखात असले की त्यांना माणशी दिवसाला सरासरी चार आणे भत्ता मिळायचा आणि बाकीचं पोट ते आपल्या तट्टांवरून आणि बैलांवरून धान्य, वैरण, लाकूडफाटा वाहून भरायचे. म्हणजे त्या दिवसांत लांबून बघणाऱ्याला बंजारा कोण आणि पेंढारी कोण हे कळलंच नसतं!

कळायचं ते सरहद्द ओलांडल्यावर. शत्रूचा मुलूख लागला की पेंढाऱ्यांचा भत्ता बंद आणि लुटीला पूर्ण मोकळीक, उलट लुटायच्या परवानगीबद्दल तेच सरदाराला पालपट्टी नावाचा कर भरायचे, आणि मोहीम संपली की सरदाराच्या अंगात जोर असेल तर तो त्यांच्या तळाला वेढा घालून लुटीतला मोठा हिस्सा काढून घ्यायचा. सरदाराच्या दृष्टीने हा सौदा तयारीच्या वेळी फार स्वस्त वाटायचा, खजिन्यातून जवळजवळ काही जात नाही, दाणावैरण जमवायची नाही, पेंढारी आपला घोडा आणि भाला घेऊन येतो, ना तंबू ना सामान, दिवसाला चाळीस-पन्नास मैल सहज मारतो. दसरा झाला, नद्या उतरल्या, घोड्यांना नाल मारले की निघाले.

बंजाऱ्यांचं गणित पूर्ण वेगळं. ते मुळात व्यापारी. तांड्याचा नायक स्वतःच्या भांडवलावर (कधीकधी सेनापतीकडून उचल घेऊन) जिथे पीक बरं आहे तिथे धान्य विकत घेणार, पाठाळ बैलांच्या पाठीवर दोन्ही बाजूंनी गोण्या टाकणार, एका बैलावर साधारण शंभर-सव्वाशे किलो, आणि शेकडो-हजारो बैलांचा तांडा चरत चरत छावणीपर्यंत आणून तिथल्या बाजारात चालू भावाने विकणार. बैल वाटेत चरतात म्हणून त्यांच्यासाठी वेगळी वैरण वाहावी लागत नाही, ही मला या सगळ्यातली सगळ्यात हुशारीची गोष्ट वाटते. पण वेग म्हणाल तर दिवसाला आठ-दहा मैल, बस्स. त्यामुळे सेनापतीला खूप आधीपासून नायकांकडे माणसं पाठवावी लागायची, कौल (अभयाचं वचन) द्यावा लागायचा, जकात माफ करावी लागायची, रस्त्यात संरक्षण द्यावं लागायचं. शाहजहानचा वजीर आसफ खान (म्हणजेच आसफ जाह) याच्याबरोबर दख्खनेत आलेल्या भंगी-जंगी नायकांची जी परंपरा सांगतात त्यातही हेच आहे, जिथे आसफ जाहचे घोडे तिथे भंगी-जंगीचे बैल.

हे नीट नाही जमलं तर काय होतं ते कंपनीचा गव्हर्नर जनरल कॉर्नवॉलिसला मे 1791 मध्ये टिपूवरच्या स्वारीत कळलं होतं. टिपूच्या राजधानीच्या, श्रीरंगपट्टणच्या, दारापर्यंत पोचला, लढाई जिंकला, पण गाडे ओढणारे बैल मरत होते, माणसं उपाशी, शेवटी मोठ्या तोफा स्वतःच निकामी करून माघारी वळला. वाटेत हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या मराठी फौजा भेटल्या आणि त्यांच्या छावणीतल्या भरलेल्या बाजारावर (भाव चढे होते, पण माल होता) इंग्रजांची फौज जगली. पुढच्या स्वारीत मग कंपनीने बंजाऱ्यांना मोठ्या संख्येने बरोबर घेतलं आणि 1792 मध्ये टिपूला तह करावा लागला. तेव्हा मराठी छावणी ही फक्त लुटीवर जगायची असं कोणी म्हणत असेल तर ते साफ चूक आहे, बंजारे आपल्याही फौजांबरोबर होतेच.

कंपनीच्या फौजेचा सेनापती आर्थर वेलस्लीने हा धडा पुरता घेतला होता. 1803 मध्ये म्हैसूरकडून पुण्याला येताना आणि नंतर शिंदे-भोसल्यांवर जातानाची त्याची पत्रं बघितली तर तोफांइतकीच बैलांची काळजी आहे, कुठले बैल, किती मेले, तांडे कुठवर आले. होळकरांच्या 1802 च्या स्वारीने आणि मग दुष्काळाने दख्खनेत धान्यच उरलं नव्हतं, त्यामुळे मुलखावर जगायचा प्रश्नच नव्हता. तरी त्याने दसऱ्याची वाट बघितली नाही, भर पावसाळ्यात निघाला, कारण नद्या भरलेल्या असताना मराठी घोडदळ अडकतं आणि त्याच्याकडे पार व्हायला टोपलीसारख्या गोल होड्या होत्या. 12 ऑगस्टला अहमदनगरचा किल्ला घेतला, तिथे धान्याचा साठा करून तो तळ केला आणि 23 सप्टेंबरला असईची लढाई जिंकली.

माझ्या मते मात्र असईपेक्षा जास्त शिकवणारी घटना त्याच साली 31 ऑक्टोबरला अंबडजवळ घडली. वेलस्लीच्या फौजेकडे 14,000 बैलांचा काफिला चालला होता, सगळे भरलेले धरले तर हजार टनांच्या वर माल, आणि सोबतीला शिपायांच्या फक्त तीन कंपन्या आणि थोडे स्वार. नागपूरकर भोसल्यांनी त्यावर जवळपास 5,000 घोडा सोडला. म्हणजे त्यांनाही नेमकं माहीत होतं की मर्मस्थान कुठे आहे. हल्ला परतवला गेला, धान्य पोचलं, आणि नोव्हेंबरअखेर आडगावची लढाई आणि डिसेंबरात गाविलगड, म्हणजे डोंगरी किल्ल्याला वेढा घालून एका जागी बसणं, हे जमलं ते पोटाची सोय होती म्हणून. लुटीवर जगणाऱ्या फौजेला असं बसता येत नाही, भोवतालचा मुलूख आठवड्याभरात रिकामा होतो आणि पुढे सरकावंच लागतं. शिवाय पेंढारी जिथून गेले तिथे तांड्याला विकत घ्यायला तरी काय उरणार? त्यामुळे दोघांना एकत्र ठेवणं हे कुठल्याही सरदाराला अवघडच होतं.

दोघांचा शेवटही बघण्यासारखा आहे. 1817-18 मध्ये लॉर्ड हेस्टिंग्जने लाखाच्या वर फौज जमवून पेंढाऱ्यांना घेरलं. त्यांच्या म्होरक्यांपैकी चितू अशीरगडाजवळच्या जंगलात वाघाच्या तोंडी गेला, पण करीम खान माल्कमला शरण आला तर त्याला गोरखपूरकडे जमीन देऊन सुखाने बसवलं. आणि ज्या बंजाऱ्यांच्या बैलांवर कंपनीच्या फौजा दख्खनभर जेवल्या, त्यांचा धंदा आधी पक्क्या रस्त्यांनी आणि रेल्वेने खाल्ला, आणि नंतर 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याच्या जाळ्यात तेही ओढले गेले. तो कायदा 1952 मध्ये रद्द झाला, आणि महाराष्ट्रात बंजारा समाज आज विमुक्त जातींच्या यादीत आहे तो त्याच शिक्क्यामुळे.